मिस्त्री, टिंब राहिलं

पाळकसाहेब, तुम्हाला माती दिल्यावरचा पहिला गुरुवार आला आणि मी सवयीनं चारच्या सुमाराला ओट्यावर जाऊन बसलो. डबी काढली, तंबाखू तळहातावर घेतली, चुना लावला, आणि मग ध्यानात आलं की समोर वाचणारं कोणी नाही. मळायची कशासाठी? तशीच तंबाखू परत डबीत टाकली. चुना लागलेली तंबाखू डबीत टाकली की सगळी डबी नासते, हे मला कळत नाही असं नाही. तरी टाकली.

तुमची रूथ म्हणाली, "काका, बाबांच्या स्मरणिकेत तुम्ही लिहायचंच." मी म्हटलं, "अगं, तिथं कॉलेजातली, शिकलेली माणसं लिहिणार. मी दुसरी पास." तर म्हणते, "मला नीतिशास्त्र मिस्त्रींनी शिकवलं, असं बाबाच सांगायचे सगळ्यांना." ह्या एका वाक्यानं माझा घात केलाय, त्याचंच लिहितोय. तुम्ही कुठं जन्मला, डॉक्टर कधी झाला, कुठल्या देशाला जाऊन भाषण केलं, ते बाकीचे लिहितील. त्यातलं अर्धं मला माहीत नाही आणि उरलेलं अर्धं मला उच्चारता येत नाही.

हे मी माझ्या हातानं लिहिलंय. टिंबं तेवढी रूथनं भरलीत. एक मी स्वतः दिलंय, पण ते ह्या कागदावर नाही. त्या एकाचं शेवटी सांगतो.

आपली गाठ पडली ती बाकाच्या पायामुळं. शिरोली एमआयडीसीत आमच्या फौंड्रीच्या गेटवर तुम्ही स्कूटर घेऊन उभे. पुढं पायापाशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. वॉचमननं विचारलं, "पावणं, काय आणलंयसा?" तुम्ही सरळ म्हणाला, "पाय आणलाय." वॉचमन दोन पावलं मागं सरला. टॉवेल सोडला तर आत बाकाचा बिडाचा पाय, मधोमध तुटलेला.

"देवळातल्या बाकाचा आहे," तुम्ही म्हणाला. तुमची माणसं चर्चला देऊळ म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"कुठल्या देवळात बाकं असत्यात ओ?"

"आमच्यात असतात. प्रवचन लांबतं, मग माणसं बसतात."

"मग ते प्रवचनाच्या वजनानं तुटलं असंल."

तुम्ही एवढं मोठ्यानं हसला की आतले मोल्डर बाहेर आले. मी पाय हातात घेतला, तुटलेली बाजू उन्हाकडं धरली आणि आतलं काळं भोक तुम्हाला दाखवलं. म्हटलं, "साहेब, हा आज तुटलेला न्हाई. ज्या दिवशी ओतला त्या दिवशीच तुटलाय. ओतताना आत हवा अडकली, ही खोट राहिली. वरनं दिसत न्हाय. पण भार पडला की बरोबर तिथंच जातंय." तुम्ही खिशातनं वही काढून काहीतरी लिहिलं. मला वाटलं माप लिहून घेताय.

नवीन पाय ओतायच्या दिवशी तुम्ही मुद्दाम आला. रस साच्यात पडायला लागला तसा तुम्ही चष्मा काढून हातात धरला आणि देवापुढं उभं राहावं तसं उभं राहिला. आमचं खातं म्हणजे शिव्यांचं खातं, पण त्या दिवशी एक माणूस तोंड उघडेना. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. माझ्या कामापुढं कोणी चष्मा काढला नव्हता आजवर. तुमच्या देवळात डावीकडच्या तिसऱ्या बाकाला अजून माझे पाय आहेत. लोक त्यावर बसून परमेश्वराचं ऐकतात.

मग गुरुवार सुरू झाले. तुम्ही तेव्हा मराठीत पुस्तक लिहायला घेतलं होतं. चांगलं काय, वाईट काय आणि माणसाला ते कळतं कसं, ह्याचं शास्त्र. इंग्रजीत तुमचं सगळं लिहून झालेलं. मराठीत आल्यावर हात अडला. एक दिवस वही घेऊन आमच्या ओट्यावर आला. "मिस्त्री, मी वाचतो. जिथं कळणार नाही तिथं मला थांबवा."

मी कशाला थांबवतोय? मला कळलं नाही असं म्हणायला माझी जीभ वळत नाही, आजही वळत नाही. मी मान हलवत बसायचो. पण डोक्यावरनं जायला लागलं की माझा हात आपोआप डबीकडं जायचा. दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी तुम्ही ते पकडलं. मी तंबाखू मळायला घेतली की तुम्ही थांबायचा आणि त्या ओळीखाली रेघ ओढायचा. "मेलं हे वाक्य. आता तुम्ही सांगा, हे कसं म्हणाल?" मग मी सांगायचो. वही बघायला माझ्या हातात दिली की माझा चुन्याचा अंगठा पानावर उठायचा. तुम्ही कधी पुसला नाही. म्हणायचा, "राहू द्या, परीक्षकाचा शिक्का आहे."

बदल्यात तुम्ही मला लिहायला बसवलं. दर गुरुवारी एक ओळ. साठीला आलेला माणूस मी, पाटी घेऊन बसायची लाज वाटायची, म्हणून तुम्ही जुन्या डायरीत लिहून घ्यायचा. अक्षर माझं वाईट नव्हतं, पण टिंब द्यायचं माझ्या ध्यानात राहायचं नाही. मी "पोर आल" लिहायचो आणि तुम्ही चष्म्यावरनं बघायचा. "मिस्त्री, टिंब राहिलं."

"अक्षरावर माशी बसल्यागत दिसतंय ते. मी हाकलली."

"त्या माशीनं अर्थ बदलतो."

"आमच्या अर्थाला माशी लागत न्हाई."

असं दर गुरुवारी. आमची ही चहा घेऊन आली की म्हणायची, "झाली का दोघांची शाळा?" तुम्ही म्हणायचा, "वहिनी, मुलगा हुशार आहे, पण हट्टी आहे." मी तुमच्याहून चार वर्षांनी मोठा. तरी मला बरं वाटायचं.

एक भांडण आपलं मिटलंच नाही. सदसद्विवेकबुद्धी असा एक शब्द आला तुमच्या वहीत. मी लगेच डबी काढली. तुम्ही चिडला.

"ह्याला दुसरा शब्द नाही, मिस्त्री."

"हाय की. मन खातं."

"ते वेगळं. मन खातं ते केल्यानंतर. हे करायच्या आधी सांगतं, असं करू नको."

"आधी सांगणारं कोण नसतंय साहेब. आधी आपली गरज बोलती, न्हाईतर आपला तोरा बोलतो. मन मागनं खायाला येतं, जेवणं झाल्यावर पावणा आल्यागत."

तीन गुरुवार हे चाललं. शेवटी पुस्तकात तुम्ही तुमचा शब्द वर ठेवला आणि माझा खाली बारीक टायपात, टिपेत. मी म्हटलं, "मला तळघरात बसवलासा." तुम्ही म्हणाला, "पाया आहे तो." बोलण्यात तुम्ही कधी हार खाल्ली नाही.

आणखी एक आठवतं. एका रविवारी तुम्ही प्रवचनात म्हणाला होता की आपल्या मंडळीतली एक म्हातारी आजारी पडली आणि शेजारचं कोणी फिरकलं नाही. ते चुकीचं निघालं. शेजारीण रोज भाकरी देऊन येत होती. पुढच्या रविवारी तुम्ही वर व्यासपीठावर चढलाच नाही. खाली बाकांच्या समोर जमिनीवर उभं राहून सांगितलं, मागच्या खेपेला मी बोललो ते खरं नव्हतं, आणि त्या बाईचं नाव घेऊन माफी मागितली. मी तिसऱ्या बाकावर होतो, माझ्या पायांवर. तुमच्या धर्माचा नसलो तरी प्रवचनाला मी कधी कधी यायचो, तुम्ही कुठं अडखळता ते बघायला. बाहेर आल्यावर मी तुम्हाला सुनावलं. "पाळकानं अशी माफी मागितली तर उद्या कोण ऐकणार? आणि मागायचीच तर वरनं मागायची. खाली कशाला उतरलासा?"

तुम्ही स्कूटरला किक मारत म्हणाला, "चुकीचं वरून बोललो होतो. खरं त्यांच्या पातळीवर येऊन बोलायला नको?"

मी म्हटलं, "तुमचं तुमाला म्हायत." मनात म्हटलं, हे आपल्याला जमायचं नाही.

आता मूळ गोष्ट.

एका गुरुवारी तुम्ही विचारलं, माणसाची चूक आणि माणसाचं पाप ह्यात फरक कसा सांगाल. मी कामाचंच सांगितलं. "ओतताना भोक राहिलं तर ती खोट. कुणाच्याबी हातनं राहील. वाळू वली असती, हवा अडकती. पण त्या भोकात लांबी भरायची, वरनं काळं फासायचं आणि पीस पुढं ढकलायचा, की ते खोटं." लांबी म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, तो तुम्हाला मी आधीच दाखवला होता. तुम्ही बसल्या जागचे उठला. ओट्यावरच दोन फेऱ्या मारल्या. "खोट आणि खोटं. एका टिंबाचा फरक. आणि हे सांगतोय कोण, तर ज्याला टिंब देता येत नाही तो." तुम्हाला एवढं खूश झालेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्या आनंदातच तुम्ही विचारलं, "तुमच्यावर कधी अशी वेळ आली होती का हो?"

तुमच्या विचारण्यात काही संशय नव्हता. सहज विचारलं. आणि मी मान ताठ करून सांगितलं, "आलती की. ट्रकच्या चाकाचं हब होतं. पास झाल्याचा शिक्का पडलेला. मी हातोडी मारून बघितली तर आवाज बद्द आला. तसाच घण घेतला आणि मालकाच्या डोळ्यांदेखत फोडलं."

पुढच्या गुरुवारी तुम्ही ते लिहूनच आणलं. प्रकरणाचं नाव "खोट". त्यात मी, माझा घण, मालक, सगळं. तुम्ही वाचत गेला आणि माझा हात डबीकडं गेलाच नाही. मांडीवर दगडासारखा पडून राहिला. वाचून झाल्यावर तुम्ही वही मिटली आणि म्हणाला, "एकदाही मळली नाहीत. हे प्रकरण जमलं."

साहेब, त्या दिवशी आपल्या दोघांचा कायदा पहिल्यांदा चुकला. मी तंबाखू मळली नाही ती वाक्यं चांगली होती म्हणून नव्हे. हब मी फोडलं नव्हतं. हब दस्तगीरनं फोडलं होतं.

दस्तगीर माझ्या बाजूच्या साच्यावर काम करायचा. मुजावर. एका डब्यात जेवलेले आम्ही. ते हब माझ्या हातचं. आवाज बद्द येतोय हे मलाच पहिल्यांदा कळलं होतं, तेवढं मी तुम्हाला खरं सांगितलं. पण मी घण घेतला नाही. मी लांबी घेतली. भोक भरलं, घासलं, काळं फासलं. माझ्या हातचा पीस माघारी येत नाही, असं सगळ्या खात्यात मीच सांगत फिरायचो, तो तोरा मोडायचा नव्हता. गाडीत चढवताना दस्तगीरनं सवयीनं हातोडी टेकवली.

"गण्या, ह्यात काय भरलंस?"

"गप उचल."

"आरं, ह्या ट्रकात माणसं बसणार हायत का न्हाईत?"

"शिक्का पडलाय. आपलं काम संपलं."

त्यानं हातोडी खाली ठेवली. मग घण घेऊन आला आणि दोन घावांत हब फोडलं. मालक धावत आले. कुणाचा साचा म्हणून विचारलं. मी वाळू चाळत होतो, मान वर केली नाही. दस्तगीर म्हणाला, "माझा." त्याला आठ दिवस घरी बसवलं. माझ्या हातचा पीस माघारी आला नाही ही बढाई मी त्यानंतरही मारत राहिलो.

तुमचं पुस्तक निघालं तेव्हा कोणीतरी ते पान त्याला वाचून दाखवलं. चहाच्या गाड्यावर मला गाठून म्हणाला, "व्हय रं गण्या, माझा घण तुझ्या हातात शोभतोय की." तोच पुढं म्हणाला, "राहू दे. चांगल्या कामाला लागलाय घण." त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही. त्यालाही जाऊन दोन वर्षं झाली. त्यालाही मी काही बोललो नाही.

तुमचे विद्यार्थी यायचे. तुम्ही त्यांना घेऊन ओट्यावर यायचा आणि म्हणायचा, "हेच ते मिस्त्री." ती तरुण माणसं वाकून नमस्कार करायची आणि माझे हात बघायची. मी हात मागं घ्यायचो. तुम्हाला वाटायचं लाजतोय. त्यातल्या एका मुलीनं विचारलं, "आजोबा, फोडताना भीती नाही वाटली?" मी म्हटलं, "न्हाई." ते एक तेवढं खरं होतं. मी फोडलंच नव्हतं.

सांगणार होतो, साहेब. कितीतरी गुरुवारी ठरवलं. पण तुम्ही वही उघडायचा आणि मला वाटायचं, आज नको, आज त्यांचं प्रकरण अडलंय. दवाखान्यात शेवटचं भेटायला आलो तेव्हा तर नक्की ठरवून आलो होतो. तुमच्या नाकाला नळी. माझा हात धरून तुम्ही अंगठा बघितला, चुना आहे का म्हणून. नव्हता. दवाखान्यात डबी नेऊ देत नाहीत. मग हळू म्हणाला, "मिस्त्री, पुस्तकाची नवी आवृत्ती काढायचीय. 'खोट' तसंच ठेवू ना?"

मी म्हटलं, "ठेवा की."

तेच आपलं शेवटचं बोलणं. इतक्या वर्षांच्या एवढ्या गप्पा, एवढी भांडणं आणि शेवटाला काय, तर ठेवा की.

तुमच्यासाठी उपकारस्तुतीची उपासना झाली, तेव्हा नव्या पाळकांनी तेच पान वाचलं. वाचताना त्यांनी माझ्याकडं हात केला. सगळं देऊळ मागं वळलं. मला वर येऊन दोन शब्द बोला म्हणाले. मी गुडघ्याचं निमित्त केलं. खाली उभं राहून बोलता आलं असतं. तुम्ही दाखवलं होतं तसं, जमिनीवर, बाकांच्या समोर. नुसते हात जोडले आणि बसलो. माझ्याच पायांवर.

आता बघा, कोण जिंकलं. आधी मला काही सांगणारं कोणी आलं नाही. नंतर मात्र मन खातंय, रोज खातंय. मी म्हणत होतो तेच खरं निघालं. पण मागं वळून बघितलं की वाटतं, तुमचंही बरोबर असंल. त्या ओट्यावर तुम्ही विचारलं आणि मी उत्तर दिलं, त्याच्या मधे एवढीशी जागा होती. त्या जागेत काहीतरी म्हणालं होतं, गण्या, गप. मी ऐकलं नाही. तुमच्या शब्दाला टीप म्हणून हे घाला. बारीक टायपात चालंल.

परवा रूथ नव्या आवृत्तीची छापून आलेली पानं घेऊन आली. संगतीला तुमची जुनी वही. तिला ती पानं वहीशी ताडून बघायची होती. मी वही चाळली. पानापानावर माझे चुन्याचे अंगठे, पिवळे पडलेले. "खोट" प्रकरण कोरं. एक डाग नाही. रूथ म्हणाली, "बघा ना काका, हे किती स्वच्छ राहिलंय."

तेव्हा मी तिला सांगितलं. सगळं. दस्तगीरचं नाव घेऊन.

आमची ही चहा ठेवून गेली, तो तसाच निवला. मग रूथ म्हणाली, "काका, बाबांना माहीत असेल. ते माणसं ओळखायचे."

"न्हाई पोरी. त्यास्नी म्हायत नव्हतं. त्यांनी माझा शब्द खरा धरला. ती सूट मला देऊ नको."

"मग हे पान काढून टाकू?"

"काढायचं कशाला? घण खरा हाय. हब खरं हाय. हात तेवढा बदल. दस्तगीर मुजावर असं लिही. आणि लांबी भरणारा मी, तेबी लिही."

"बाबांचं वाक्य मी कसं बदलू?"

"ते असते तर त्यांनीच बदललं असतं. वरनं न्हाई, खाली उतरून."

ती रडली थोडं. मग मला म्हणाली, "तुम्ही लिहून द्या. तुमच्या अक्षरात." म्हणून हे लिहिलं. स्मरणिका छापून आली की दस्तगीरच्या बायकोला वाचून दाखवायला जाणार आहे. भाभी शाहूपुरीत लेकीकडं असतात. त्यांना वाचता येत नाही. मला येतं, तुमच्यामुळं. त्या काय बोलतील ते ऐकून घेणार. डबी नेणार नाही.

रूथ निघाली तेव्हा मी म्हटलं, "थांब, ते पान दे इकडं." तिनं दिलं. वर मोठ्या अक्षरात प्रकरणाचं नाव होतं. खोट. मी तिच्याकडनं पेन घेतलं. म्हणाली, "काका, काय करताय?" मी म्हटलं, "तुझ्या वडलांनी इतकी वर्षं सांगितलं, ऱ्हायलेलं एक काम हाय."

आणि ट वर टिंब दिलं.

पेन दाबून धरलं म्हणून ते जरा मोठं झालंय. माशी बसल्यागतच दिसतंय. ह्या वेळी हाकलली नाही.